मागच्या सीटचं बकल कुठे गेलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की गाडीत बसलेल्या प्रत्येकाने, मागे बसणाऱ्यानेसुद्धा, सीटबेल्ट लावावा. त्यावर आलेली पत्रं बरीचशी कुरकुरीची होती. पण सक्ती म्हणून सक्तीला विरोध करणारे त्यांत थोडेच. बाकीच्यांची तक्रार अगदी नेमकी आहे: बकल सापडत नाही, पट्टा मानेला घासतो, कुणी बसलेलं नसताना गाडी टूं टूं करते. अशा तक्रारींवर बहुतेक वेळा इलाज असतो, म्हणून जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

गाडी घेतल्याच्या आठवड्यातच सीट कव्हर घातली. तेव्हापासून मागचे बकल दिसत नाहीत. दुकानदार म्हणतो, मागे कोण लावतं? आता कव्हर फाडायचं का? – वाचक, सोलापूर

फाडू नका, बकल तिथेच आहेत. कव्हर ताणून बसवताना अडचण नको म्हणून कारागीर बकल सीटच्या फटीतून खाली दाबतो आणि वरून कापड ओढून घेतो. बहुतेक छोट्या गाड्यांत मागची बसायची गादी पुढच्या बाजूला दोन ठिकाणी खटक्यात बसवलेली असते. गादीच्या पुढच्या काठाखाली, दोन्ही टोकांपासून वीतभर आत हात घालून झटक्याने वर उचला, गादी सुटते. काही गाड्यांत ती पट्टी ओढून पुढे उलटते. तुमची कशी आहे ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असेल. गादी उचलली की बकल जमिनीलगत आडवे पडलेले दिसतील. पाठ आणि गादी यांच्यामधल्या फटीतून ते वर काढा, कव्हरला त्या जागी चीर नसेल तर शिंप्याकडून काठ शिवलेली चीर पाडून घ्या आणि मग गादी पुन्हा दाबून बसवा. बसल्याचा आवाज दोन्ही बाजूंनी यायला हवा.

आता प्रत्येक पट्टा त्याच्याच बकलमध्ये लावून बघा. मधल्या सीटच्या पट्ट्याची जीभ, म्हणजे टोकाची धातूची पट्टी, बऱ्याच गाड्यांत कडेच्या बकलमध्ये बसत नाही, म्हणून लोकांना बकल बिघडलंय असं वाटतं. जीभ आत गेल्यावर ‘टक’ आवाज आला पाहिजे आणि हिसका दिला तरी सुटता कामा नये. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा, मुरमुरे, नाणी अडकलेली असतात. ती व्हॅक्युमने ओढून काढा. तेल मात्र मुळीच सोडू नका, तेलावर धूळ बसून खटका आणखी अडतो.

कव्हरचा याहून मोठा धोका पुढच्या सीटला आहे. पुढच्या सीटच्या पाठीला, दरवाजाकडच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं असेल तर बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून बाहेर येते. जाड रेक्झिनचं कव्हर तिला कोंडतं, किंवा भलतीकडून फुगायला लावतं. अशा सीटला त्या कडेची शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याने घातलेलं किंवा कड मोकळी सोडलेलं कव्हरच चालतं. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तर त्याला ते लेबल दाखवा आणि दुसरं दुकान बघा.

मी शहरातच गाडी चालवतो, चाळीसच्या वर जातच नाही. मागे बसलेल्या आईला पट्ट्याची काय गरज? – वाचक, ठाणे

चाळीसच्या वेगाने गाडी आदळली आणि पट्टा नसला, तर माणूस सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा आदळतो. तिथून पडताना कुणी ‘हातांनी सावरेन’ म्हणत नाही.

हिशेब सोपा आहे. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि पट्टाही थोडा ताणला जातो, त्यामुळे पट्टा लावलेला माणूस अंदाजे अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबतो. ६० किलोच्या माणसावर तेव्हा साधारण साडेसातशे किलोचा जोर येतो, आणि तो खांद्याच्या, छातीच्या नि कमरेच्या हाडांवर वाटला जातो. पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि पुढच्या सीटवर दहा-बारा सेंटिमीटरमध्ये थांबतो. मग तोच जोर तीन-साडेतीन टनांच्या पुढे जातो. तो कपाळावर नाहीतर मानेवर येतो, आणि पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या पाठीतही जातो. आईने पट्टा लावला नाही तर आईच्या पुढे बसलेला माणूसही धोक्यात येतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा केला. नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८व्या नियमात, पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४बी आणून त्यासाठी १,००० रुपये दंडही ठेवला.

आईंना लावून देताना खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर, मांड्यांच्या वर टेकलेला हवा. पदर आणि निऱ्यांचा बोंगा पट्ट्याखाली राहिला तर पट्टा सैल बसतो, म्हणून पदर आधी वर घ्यावा. तिरपा पट्टा खांद्याच्या मधोमध, काखेखालून नाही. मंगळसूत्र पट्ट्याखाली आलं तर रुततं, ते बाजूला करावं. हे एकदा नीट जमलं की ‘गुदमरतं’ ही तक्रार सहसा राहत नाही.

भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तरी गाडी ओरडते. आवाज बंद करायची क्लिप लावली तर काय बिघडतं? मी स्वतः पट्टा लावतोच. – वाचक, नाशिक

वैताग खरा आहे. पुढच्या सीटच्या गादीत वजन ओळखणारी चटई असते. चार-पाच किलोच्या पिशवीलासुद्धा ती कधीकधी माणूस समजते. पिशवी पायापाशी किंवा डिकीत ठेवा. सीटवरच ठेवायची असेल तर तिला पट्टा लावा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर टोमॅटो गाडीभर होणार नाहीत. सीट पूर्ण रिकामी असताना आवाज येत असेल तर सीट ओली आहे का बघा, मग सीटखाली वाकून वायरचा जोड सैल झालाय का तेही बघा. गाडी धुताना पाइप लागून किंवा मुलांच्या पायांनी तो सुटतो. पण तिथलाच पिवळा जोड असेल तर हात लावू नका. पिवळा रंग एअरबॅगच्या वायरिंगचा असतो, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

क्लिपचं, म्हणजे पट्ट्याऐवजी बकलमध्ये खुपसायच्या सुट्या जिभेचं म्हणाल, तर तुम्ही पट्टा लावता हे ठीक, पण क्लिप तिथेच राहते. उद्या मुलगा गाडी घेऊन जाईल, मित्र शेजारी बसेल, तेव्हा आठवण करून द्यायला काही नसेल. दुसरी गोष्ट, पट्टा लावलाय की नाही हे गाडीचा संगणक बकलवरून ओळखतो. काही गाड्यांत पट्टा लावलेल्याला आणि न लावलेल्याला एअरबॅग केव्हा उघडायची याचा हिशेब वेगवेगळा असतो. क्लिप असली की त्याला खोटी माहिती मिळते. तिसरं, स्वस्त क्लिपची जीभ जाड-बारीक असते, तिने बकलचा खटका झिजतो आणि खरा पट्टा अर्धवट अडकायला लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच विक्री संकेतस्थळांवर कारवाई केली तेव्हा या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. दुकानात मिळते म्हणून ती बरी ठरत नाही.

तुमची पिशवीची तक्रार पन्नास वर्षांची जुनी आहे. अमेरिकेत १९७४च्या मॉडेलच्या गाड्यांना असा बंदोबस्त केला होता की पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरूच व्हायचं नाही. किराण्याची पिशवी, कुत्रा, काहीही सीटवर असलं की गाडी अडून बसायची. लोक इतके चिडले की वायरी कापून टाकू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा करून ती पद्धत बंद केली, आणि आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारी सक्तीची घंटीही बंद केली. पट्टा चांगला होता, त्याच्याभोवतीचं यंत्र चुकीचं होतं, आणि त्या चुकीपायी पट्ट्याच्या कायद्याला तिथे आणखी दहा वर्षं लागली. न्यूयॉर्क राज्याचा पहिला कायदा १९८४चा. म्हणून आम्ही कारखानदारांनाही सांगतो की चटईचं वजन नीट ठरवा, उगाचचा आवाज म्हणजे क्लिपवाल्यांना गिऱ्हाईक.

जीव माझा, गाडी माझी. पुण्यात हेल्मेटसक्तीला आम्ही विरोध केला तो याच मुद्द्यावर. पट्टा लावायचा की नाही हे सरकारने का सांगावं? – वाचक, पुणे

मुद्दा नवा नाही आणि आम्ही तो हलका मानत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७०मध्ये जगात पहिल्यांदा पट्टा लावणं सक्तीचं केलं, तिथेही हेच म्हटलं गेलं. ब्रिटनच्या संसदेत तर हा वाद वर्षानुवर्षं चालला. ३१ जानेवारी १९८३ला सक्ती आली तीही आधी तीन वर्षांपुरतीच. सुमारे ४० टक्के लोक पट्टा लावत होते, ते प्रमाण लगेच ९० टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि १९८६मध्ये कायदा कायमचा झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६मध्येच लोकांनी मतदान करून पट्ट्याचा कायदा रद्द केला. १९९४मध्ये तो परत आला.

पण ‘जीव माझा’ हे गाडीत पुरतं खरं नाही. बिनपट्ट्याचं शरीर गाडीत सुटलेल्या गोणीसारखं फिरतं आणि शेजारच्याला मारतं. शिवाय चालवणारा जागेवरून सरकला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हातचे जातात. पहिल्या धडकेनंतर गाडी अजून चालत असते, आणि पट्ट्याने जागेवर धरलेला माणूसच दुसरी धडक टाळू शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीत २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पट्टा न लावलेले १६,७१५. ८,३८४ चालवणारे, ८,३३१ शेजारी किंवा मागे बसलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पट्ट्याने पुढे बसणाऱ्याचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो, मागच्याचा २५ टक्क्यांनी. यातले सगळे वाचले असते असं नाही. पण इतक्या कमी कष्टात इतकं देणारी दुसरी वस्तू गाडीत नाही, असं आमचं ठाम मत आहे. चौकात पावती फाडण्यापुरतीच सक्ती राहते, रस्त्यातले खड्डे नि अर्धवट दुभाजक तसेच राहतात, हा तुमचा राग रास्त आहे. तो रस्त्याच्या खात्यावर काढा, पट्ट्यावर नको.

बाबा म्हणतात, घाटात पट्टा काढून ठेवावा, गाडी दरीत निघाली तर उडी मारता येते. आगीत आणि पाण्यातही पट्ट्याने माणूस अडकतो म्हणे. – वाचक, कोल्हापूर

तुमच्या बाबांच्या तरुणपणी घाटातल्या जीपला दरवाजेही नसायचे, तेव्हाची ही समजूत आहे. आजच्या गाडीत कठडा तुटण्यापासून गाडी कलंडण्यापर्यंत वेळ एक-दोन सेकंदांचा. त्यात दरवाजा उघडून उतारावर उडी मारणं जमत नाही. घडतं ते उलटंच: गाडी पलट्या खाते, माणूस काचेतून अर्धवट बाहेर फेकला जातो आणि गाडी त्याच्यावरून जाते. बाबांना वाद घालून पटणार नाही. उतरणीला गाडी उभी असताना त्यांना पट्टा लावून बसवा आणि लाल बटण एका अंगठ्याने दाबून किती पटकन सुटतो ते दाखवा.

आग किंवा पाणी यांतून बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. शुद्ध टिकवतो तो पट्टाच. गाडी पाण्यात गेली तर क्रम असा: पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर द्या, मग स्वतः. दरवाजाशी झटत बसू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब तो उघडू देत नाही. काच फोडायची टोकदार हातोडी आणि पट्टा कापायची पाती एकत्र असलेलं अवजार चालकाच्या हाताला लागेल असं अडकवून ठेवा. डिकीत ठेवलं तर त्याचा काही उपयोग नाही. हातोडी बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. पुढची काच थरांची असते, ती फुटून मोकळी होत नाही.

सहा एअरबॅग सक्तीच्या होणार होत्या, मग नाही झाल्या. जास्तीचे पैसे मोजावेत का? आणि माझी पत्नी ठेंगणी आहे, स्टिअरिंगला चिकटून बसते. एअरबॅगनेच इजा होईल अशी तिला भीती वाटते. – वाचक, अमरावती

चालकाची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली, शेजारच्याची नंतर. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी २०२२मध्ये आला, तारीख पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३मध्ये ती सक्ती करणार नाही असं नितीन गडकरी यांनी सांगितलं. किंमत वाढेल ही कारखानदारांची मोठी हरकत होती. पैसे मोजायचे असतील तर आमचा क्रम असा: मागच्या तिन्ही सीटना खांद्यावरून येणारा पट्टा, मग गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, मग बाजूच्या आणि पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही नव्या गाड्या आदळवून तारे देणारी चाचणी सुरू आहे. त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे मिळतात. घरात मुलं असतील तर दुसरा आकडा आधी बघा.

पत्नीची भीती बिनबुडाची नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि तिच्या अगदी जवळ असणाऱ्याला ती मारते. अमेरिकेत सुरुवातीच्या एअरबॅग पट्टा न लावलेल्या धिप्पाड पुरुषाला अडवायच्या हिशेबाने जोरदार केल्या होत्या. त्यांनी लहान मुलं आणि ठेंगण्या बायका दगावल्या, तेव्हा लोक बिथरले, आणि १९९७मध्ये नियम बदलून जोर कमी करायची मुभा दिली गेली. तेव्हाचा विरोध लोकांच्या बाजूने बरोबर होता, आणि यंत्र त्यामुळेच सुधारलं.

आज करायचं ते असं. स्टिअरिंगचा मधला भाग आणि छातीचं हाड यांत २५ सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे एक मोठी वीत आणि वर चार बोटं. सीट शक्य तितकी मागे घ्या, पाठ किंचित कलवा, स्टिअरिंग खाली करून त्याचं तोंड छातीकडे ठेवा. दिसत नसेल तर सीट उंच करायचा दांडा वापरा. सुटी उशी घेऊ नका, धडकेत ती सरकते. हात घड्याळातल्या ९ आणि ३च्या जागी. पट्टा लावलाच पाहिजे, कारण एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला केलेली असते, त्याच्या बदल्यात नव्हे.

आणखी एक, जरा नाजूक. शेजारच्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं, तिथे रेष किंवा अक्षरं दिसतील. नेमका तिथेच बऱ्याच घरचा गणपती बसवलेला असतो. एअरबॅग उघडली की ती मूर्ती समोरच्याच्या तोंडावर जाते. बाप्पाची जागा मधल्या खालच्या कप्प्यात करा, पितळी मूर्तीऐवजी हलकी ठेवा.

सहावा महिना आहे. पट्ट्याने बाळाला दाब बसेल म्हणून सासूबाई लावू देत नाहीत. – वाचक, सांगली

सासूबाईंची काळजी बाळासाठी आहे, त्यांना हेच सांगा की बाळाची सर्वांत मोठी सुरक्षा आईचं शाबूत राहणं. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याच्या खाली, ओटीपोटाच्या हाडावर घट्ट. पोटावरून कधीच नाही. तिरपा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. जाड स्वेटर काढून बसा. शक्य असेल तर दुसऱ्याला चालवू द्या आणि मागे बसा. धक्का लहानसा वाटला तरी पोटात दुखलं, अंगावरून गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर लगेच डॉक्टरांकडे जा; वार (गर्भाला पोसणारा अवयव) गर्भाशयापासून सुटण्याची शक्यता तपासावी लागते, ती बाहेरून दिसत नाही.

दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसते. तो चाइल्ड सीटमध्ये रडतो. मांडीवर घट्ट धरलं तर चालेल? – वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही चालणार. दहा किलोचं मूल चाळीसच्या धडकेत क्षणभर सव्वाशे किलोचं होतं, आणि आई-बाप कितीही दणकट असले तरी हात सुटतात. आईनेही पट्टा लावला नसेल तर ती मुलावर आपटते. एकाच पट्ट्यात दोघांना घेणं त्याहून वाईट. कायद्यानेही १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट बंधनकारक आहे.

सीट घेताना तिच्यावर सुरक्षा मानकाचा क्रमांक, एआयएस ०७२, किंवा ईसीई आर४४ नाहीतर आर१२९ असं छापलेलं बघा. सव्वा वर्षापर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं, सीटच्या मापात बसेल तर पुढेही तसंच, कारण मुलाचं डोकं जड आणि मान कोवळी असते. मागे तोंड केलेली सीट चालू एअरबॅगच्या समोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग सीटच्या पाठीवर आदळते आणि ती सीट मुलाच्या डोक्यावर. मागच्या सीटवरच बसवा. गाडीत मुलांची सीट अडकवायचे, आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे पाठ आणि गादीच्या फटीत असतात. कव्हरने तेही झाकले असतील, बोटांनी चाचपून बघा.

बसवल्यावर सीट तळाशी धरून हलवा. एक इंचाहून जास्त हलली तर ढिली आहे. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर आणखी आवळा. रडण्याचं म्हणाल, तर सीट आधी चार दिवस घरात ठेवा, त्यात बसवून खाऊ द्या, गोष्ट सांगा. मग गाडीत पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत. रडला म्हणून एकदाही बाहेर काढू नका. रडलं की सुटका होते हे त्याला एकदाच कळावं लागतं.

एबीएसमुळे ब्रेक फसवतात. चिऱ्याच्या वाळूवर पाय खडखडतो आणि गाडी पुढेच जाते. मेकॅनिक म्हणतो फ्यूज काढू. – वाचक, रत्नागिरी

फ्यूज काढू नका. सुट्या खडी-वाळूवर एबीएसने, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, थांबायला जास्त जागा लागते, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. जाम झालेलं चाक समोर वाळूचा ढीग करून लवकर थांबतं, एबीएस ते होऊ देत नाही. पण त्या बदल्यात स्टिअरिंग चालू राहतं. ओल्या डांबरावर, म्हणजे तुमच्याकडे वर्षातले चार महिने, चाक जाम झालेली गाडी वळतच नाही. फ्यूज काढला की पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही जाते, मग मागची चाकं आधी घसरून गाडी गोल फिरते. खडखडाट हा ब्रेकचा दोष नाही. पाय ढिला न करता पूर्ण दाबून ठेवा आणि अडथळा चुकवून वळा.

खडखडाट कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, थांबता थांबता दहाच्या आत वेग असताना येत असेल तर मात्र बिघाड आहे. चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरवर लोखंडी कीस बसतो, किंवा त्याचं कडं गंजून तडकतं. सेन्सर काढून पुसणं हे अर्ध्या तासाचं काम. नुसता पिवळा एबीएसचा दिवा लागला तर साधे ब्रेक चालतात, जपून घरी या. लाल ब्रेकचा दिवाही सोबत असेल तर गाडी तिथेच उभी करा.

इथे नवीन गाडी प्रत्येक वेगाच्या पाटीला बीप करते, आणि चुकीची पाटी वाचते. बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. – वाचक, स्टुटगार्ट (जर्मनी)

७ जुलै २०२४पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला हे बंधनकारक आहे, आणि गाडी सुरू केली की ते आपोआप चालू व्हायलाच हवं असा नियमच आहे. म्हणून ते कायमचं बंद होत नाही. ते ब्रेक मारत नाही; वेग रोखणारा प्रकार असला तरी ऍक्सिलरेटर दाबून तुम्ही पुढे जाऊ शकता. ‘फक्त पावसात’, ‘फक्त रात्री’ अशा जोडपाट्या आणि बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या पाट्या कॅमेरा चुकीच्या वाचतो. आरशामागची काच स्वच्छ ठेवा, नकाशा अद्ययावत करून घ्या, तरीही त्रास झाला तर स्टिअरिंगवरच्या बटणाला त्याचा शॉर्टकट देता येतो का बघा. भारतातल्या गाड्यांत हा प्रकार साधा आहे: ८०च्या वर मिनिटाला एकदा, १२०च्या वर सतत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीचीच मर्यादा १०० आहे, तेव्हा सतत वाजू लागण्याची वेळ यायलाच नको.

पुढे लोखंडी गार्ड लावला आहे. पोलीस काढायला सांगतात. – वाचक, सातारा

काढा. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली बेकायदा बदल म्हणून हटवायला कळवलं आहे. गाडीचं नाक चेपण्यासाठी केलेलं असतं, चॅसीला बोल्ट केलेला गार्ड ते चेपू देत नाही आणि धक्का थेट आत पाठवतो. एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेबही त्याने बदलतो. काढल्यावर बोल्टची भोकं गंजरोधक लावून बुजवा.

पट्टा कळकट झालाय, सोडल्यावर आत जात नाही, लोंबतो आणि दारात अडकतो. म्हणून कुणी लावत नाही. – वाचक, मडगाव

दमट हवेत घाम, धूळ आणि तेल यांनी पट्टा आणि वरचं प्लास्टिकचं कडं चिकट होतं. पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि परत जाऊ नये म्हणून वर रीळाच्या तोंडाशी कपड्याचा चिमटा लावा. कोमट पाण्यात थोडा साधा साबण घालून, मऊ ब्रशने पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घासा. ओल्या फडक्याने दोनदा पुसा. ब्लीच, रॉकेल, रंग यांतलं काही नको, धागा कमजोर होतो. कड्यातला मळ फडक्याने ओढून काढा. पट्टा मानेला घासत असेल तर त्याच वेळी खांबावरचं कडं खाली सरकवून घ्या; बऱ्याच गाड्यांत पुढे त्याला बटण असतं.

धुताना कडा बघा. धागे निघालेले, कातरलेले, उन्हाने पांढरे पडून कडक झालेले असतील किंवा गाडीला मोठा अपघात झालेला असेल तर पट्टा बदला. एकदा पूर्ण ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा तसा थांबवत नाही. बाजारातला जुना पट्टा आणून लावू नका. मग हिसका देऊन तपासा, तो जागीच अडला पाहिजे. चिमटा मात्र पट्टा सावलीत पूर्ण सुकल्यावरच काढा, पावसाळ्यात त्याला दीड-दोन दिवस लागतील. ओला गुंडाळला गेला तर आत बुरशी धरते आणि महिन्याभरात पुन्हा तोच चिकटपणा.